लांब पल्ल्याची शर्यत : पाणी किती, मिठाच्या कॅप्सूल किती?

पायमोजे
लांब पल्ल्याच्या शर्यतीत पहिल्यांदाच उतरणाऱ्यांसाठी एक पानी माहितीपत्रक होतंय. त्यातला पाण्याचा मजकूर माझ्या गळ्यात पडलाय. मसुदा असा :

'तहान लागायची वाट पाहू नका. दर २० मिनिटांनी २५० ते ३०० मिली पाणी घ्या. नुसतं पाणी जास्त झालं की रक्तातलं सोडियम उतरतं, म्हणून तासाला एक मिठाची कॅप्सूल घ्या. मग कितीही पाणी प्यायलं तरी चालेल.'

प्रश्न एवढाच, की कॅप्सूल तासाला एक पुरेल की दोन लिहू? जाणकारांनी सांगावं.

काठावरचा
चारही वाक्यं चुकली आहेत. बाकी मसुदा उत्तम.

गणितमाकड
काठावरचा यांनी एका ओळीत निकाल लावलाय, मी आकडे मांडतो.

७० किलोच्या माणसात साधारण ४२ लिटर पाणी असतं. रक्तातलं सोडियम १३५ ते १४५ मिलीमोल (कणांची संख्या मोजायचं माप) प्रतिलिटर असावं लागतं, आपण १४० धरू. ढोबळ हिशेबासाठी १४० गुणिले ४२, म्हणजे ५८८० ही शरीराची मिठाची पुंजी. (पेशींच्या आत पोटॅशियम असतं, सोडियम नाही, हे माहीत आहे. पण पाणी दोन्हीकडे पसरतं, त्यामुळे हिशेब असाच करतात.)

आता गरजेपेक्षा १ लिटर पाणी जास्त प्यायलं आणि ते लघवीवाटे गेलं नाही, तर ५८८० भागिले ४३, म्हणजे १३६.७. अंगात ३ लिटर साठलं तर १३०.७.

मिठाच्या कॅप्सूलमध्ये सोडियम किती? कंपनीगणिक फरक आहे, पण २०० मिग्रॅ धरू. म्हणजे ८.७ मिलीमोल. ती ४२ लिटरमध्ये विरघळली की सोडियम वाढतं ०.२ ने. लिटरभर जादा पाण्याने घसरण होते ३.३ ची आणि एक कॅप्सूल वर ओढते ०.२ ने. त्या एका लिटरची भरपाई करायची तर १६ कॅप्सूल लागतील.

'एक पुरेल की दोन' याचं उत्तर यात आलं.

तिखटमीठ
१६ कॅप्सूल खाल्ल्यावर जी तहान लागेल ती भागवायला पुन्हा दोन लिटर पाणी. त्यासाठी ३२ कॅप्सूल. शर्यत राहिली बाजूला, मिठागर उघडायचं.

नेफ्रॉन
तिखटमीठ, विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. जादा मीठ घेतलं की तहान वाढते आणि माणूस आणखी पितो. कॅप्सूल खिशात आहे म्हणून पाण्यावरचा हात सैल सोडणं हा मसुद्यातला सगळ्यात घातक भाग.

गणितमाकड यांच्या हिशेबात 'लघवीवाटे गेलं नाही तर' असा एक 'तर' आहे. खरी गोम तिथेच आहे. आरामात बसलेल्या निरोगी माणसाची मूत्रपिंडं तासाला ८०० मिली ते एक लिटर पाणी बाहेर टाकू शकतात. मग धावताना सोडियम का घसरतं? व्हॅसोप्रेसिनमुळे. हे संप्रेरक मूत्रपिंडाला 'पाणी राखून ठेव' असं सांगतं. एरवी रक्त पातळ झालं की ते थांबतं. पण दीर्घ श्रम, वेदना, मळमळ, मानसिक ताण, रक्तातली साखर उतरणं, यांपैकी काहीही असलं की रक्त पातळ असूनही ते स्रवत राहतं. तासाला लिटरभर बाहेर टाकणारी यंत्रणा मग १०० मिलीवर येते. मसुद्यातल्या हिशेबाने माणूस तासाला ७५० ते ९०० मिली पिणार. घाम तेवढा नसेल तर उरलेलं सगळं अंगात.

दुसरा सापळा असा, की व्हॅसोप्रेसिन चढलेलं असताना लघवी थोडी आणि गडद होते. 'लघवी पिवळी म्हणजे पाणी कमी' हा नियम पाठ असलेला माणूस ते बघून आणखी पितो.

सुतळी
म्हणजे दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला. इथे तर पखालच दुखणं आहे.

पायमोजे
मान्य, शेवटचं वाक्य काढतो. पण मग इलेक्ट्रोलाइटचं पेय द्यावं ना पाण्याऐवजी? सोडियम असलेलं पेय कितीही घेतलं तर ते पातळ कसं करेल?

गणितमाकड
त्या पेयात सोडियम किती आहे यावर ते ठरतं. बहुतेक खेळाडूंच्या पेयांत लिटरला २० मिलीमोलच्या आसपास असतं. रक्तात १४०. म्हणजे तेही रक्ताच्या मानाने पाणचटच. २० ची चव जिभेला खारट लागते म्हणून फसायला होतं.

समजा ४ लिटर घाम गेला आणि घामात लिटरला ५० मिलीमोल सोडियम होतं. २०० मिलीमोल गेले, उरले ५६८०.

नुसतं पाणी ४ लिटर प्यायलं : ५६८० भागिले ४२, म्हणजे १३५.२. काठावर.
पाणी ६ लिटर प्यायलं : भागिले ४४, म्हणजे १२९.
खेळाडूंचं पेय ६ लिटर : त्यातून १२० मिलीमोल आले, ५८०० भागिले ४४, म्हणजे १३१.८.
काहीच प्यायलं नाही : ५६८० भागिले ३८, म्हणजे १४९.५.

शेवटची ओळ नीट पाहा. घाम रक्तापेक्षा नेहमीच पातळ असतो. नुसत्या घामाने सोडियम चढतं, उतरत नाही. उतरायला प्यावंच लागतं. पेयाने घसरगुंडी थोडी कमी उताराची होते, एवढंच.

काठावरचा
याला प्रत्यक्षातला आधार आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ धावकांचं रक्त तपासलं होतं, तो अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. १३ टक्के धावकांचं सोडियम १३५ किंवा त्याखाली होतं आणि तिघांचं तर १२० किंवा त्याखाली. घसरणीशी सर्वात घट्ट संबंध निघाला तो शर्यतीदरम्यान वजन वाढण्याशी. चार तासांहून जास्त वेळ लागणं हाही एक घटक होता. पाणी प्यायले की खेळाडूंचं पेय, याने फरक पडलेला दिसला नाही.

हळू धावणाऱ्यांना धोका जास्त, हेही यातून कळतं. घाम कमी, वेळ जास्त आणि वाटेतल्या प्रत्येक टेबलावर थांबून प्यायला सवड. पत्रक नवोदितांसाठी आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

लांबपल्ला
जरा थांबा. सगळा दोष पाण्यावर टाकून मीठ निर्दोष सोडताय. चार-पाच तासांपर्यंत तुमचं म्हणणं बरोबर. दहा-बारा तासांच्या उन्हातल्या शर्यतीत मीठ मोजावंच लागतं. घामातलं सोडियम माणसागणिक लिटरला २० पासून ८० पर्यंत बदलतं. ज्याच्या कपड्यांवर आणि टोपीवर पांढरे पट्टे उमटतात, त्याचं जास्त. असा माणूस लिटरला ६० च्या दराने ८ लिटर घाम गाळतो तेव्हा ४८० मिलीमोल जातात. म्हणजे २८ ग्रॅम मीठ. त्याने जेवढा घाम तेवढंच पाणी प्यायलं, एक घोटही जास्त नाही, तरी ५४०० भागिले ४२, म्हणजे १२८.६. वजन जसंच्या तसं आणि सोडियम गाळात. गणितमाकड, चूक असेल तर दाखवा.

गणितमाकड
गणित अचूक आहे. पण 'जेवढा घाम तेवढंच पाणी' हे लक्ष्यच चुकीचं. त्याच माणसाने ८ ऐवजी ६ लिटर घेतलं तर ५४०० भागिले ४०, म्हणजे बरोबर १३५. वजन दोन किलो उतरलं, ते उतरायलाच हवं. दीर्घ श्रमात ग्लायकोजेन (स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर) जळतं, त्याला बांधलेलं पाणी सुटतं, चरबीही थोडी जाते. वजन कायम राखणं म्हणजे खरं तर थोडं जास्तच पिणं.

पण लांबपल्ला यांचा मूळ मुद्दा मी आधीच्या प्रतिसादात डावलला होता, हे कबूल. इतका घाम गेल्यावर मिठाविना ओढाताण होणारच. फक्त क्रम सांभाळा, आधी पाण्याचं माप, मग मीठ.

लांबपल्ला
या क्रमाला हरकत नाही. एवढ्या लांबच्या शर्यतीत तसंही माणूस काही ना काही खातो. खारट पदार्थ ठेवले की निम्मं काम होतं. कॅप्सूलचा तोटा असा, की रिकाम्या पोटी दोन-तीन एकदम घेतल्या तर मळमळ होते आणि नेफ्रॉन यांनी सांगितलंय, मळमळीने व्हॅसोप्रेसिन आणखी चढतं.

मूकवाचक७
अति तेथे माती.

तिखटमीठ
माती नाही हो, चिखल. पाणी जास्त झालंय.

सुतळी
अवांतर : शर्यत बिर्यत न धावणाऱ्यांनी काय करायचं? रोज आठ ग्लास प्या, तीन लिटर प्या, उठल्याबरोबर दोन लिटर प्या, असे निरोप रोज फिरतात.

नेफ्रॉन
आठ ग्लासांचा उगम बहुधा १९४५ च्या एका अमेरिकी आहार शिफारशीत आहे. दिवसाला अडीच लिटर पाणी, असं तिथे म्हटलं होतं. त्याच्या पुढचंच वाक्य होतं, की यातलं बरंचसं अन्नातूनच मिळतं. पुढचं वाक्य गळालं, ग्लास उरले.

निरोगी माणूस दिवसभरात पसरवून तीन लिटर प्यायला तर काही होत नाही, शौचालयाच्या फेऱ्या वाढतात. 'दिवसाला किती' यापेक्षा 'तासाला किती' महत्त्वाचं. दोन लिटर तासाभरात घशाखाली उतरवणं म्हणजे मूत्रपिंडाच्या कमाल वेगाच्या दुप्पट वेगाने ओतणं. पैज, पाणी पिण्याची स्पर्धा, लघवीची तपासणी पार पाडण्यासाठी ढोसलेलं पाणी, अशा प्रसंगांत माणसं दगावली आहेत.

आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. पाणी बाहेर टाकायलाही मूत्रपिंडाला विरघळलेले पदार्थ लागतात. लघवी जास्तीत जास्त पातळ केली तरी लिटरमागे ५० मिलीऑस्मोल (विरघळलेल्या सगळ्या कणांचं एकत्रित माप) खर्च होतातच. नीट जेवणाऱ्याकडे दिवसाला ६०० तरी असतात, म्हणजे १२ लिटर बाहेर टाकता येतं. जो जवळपास काही खात नाही, त्याच्याकडे २०० च असतील तर ४ लिटरची मर्यादा. उपाशीपोटी 'शरीरशुद्धी' म्हणून चार-पाच लिटर पाणी रिचवणारे इथेच फसतात. मीठही नाही आणि प्रथिनांपासून होणारा युरियाही नाही.

रात्रपाळी
नेफ्रॉन यांच्या यादीत गोळ्या घाला. थायझाइड गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या, झटक्यांवरची कार्बामाझेपिन, रात्री लघवीला उठावं लागू नये म्हणून देतात ती डेस्मोप्रेसिन. थायझाइड नव्याने सुरू झाली की पहिले काही आठवडे जपायचे, विशेषतः वयस्कर आणि किरकोळ बांध्याच्या व्यक्तींमध्ये. त्यात कुणी 'भरपूर पाणी प्या आणि मीठ बंद करा' असं एका दमात सांगितलं असेल तर रक्ततपासणी करून घ्यावी. शर्यतीच्या दिवशी दुखणं मारायला आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या आधीच घेऊन ठेवतात तेही नको. त्यांच्यामुळे व्हॅसोप्रेसिनचा जोर वाढतो.

आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं पाणी द्यायचं नाही. पावडरचं दूध पुरवून वापरायचं म्हणून पाणी वाढवायचं, तेही नाही. बाळाचं मूत्रपिंड जादा पाणी झपाट्याने टाकू शकत नाही. अशा बाळांना सोडियम उतरून थेट झटके येतात.

पायमोजे
रात्रपाळी, ओळखायचं कसं तेही सांगा. पाणी कमी पडलं तरी डोकं दुखतं, मळमळतं. पाणी जास्त झालं तरी तेच. स्वयंसेवकाने काय बघायचं?

रात्रपाळी
लक्षणांवरून दोन्ही सारखी दिसतात, म्हणूनच चुका होतात. बाजू सांगणाऱ्या काही खुणा आहेत.

हात बघा. अंगठी, घड्याळाचा पट्टा किंवा मनगटावरची क्रमांकाची पट्टी सकाळी सैल होती आणि आता रुतली आहे, बोटं फुगली आहेत, मोज्याच्या कडेचा वळ खोल आहे, पोट गच्च वाटतंय, ओकारीतून स्वच्छ पाणी पडतंय : पाणी जास्त झाल्याचा संशय घ्या. तोंड कोरडं, तहान तीव्र, उभं राहिल्यावर भोवळ आणि आडवं करून पाय वर उचलले की बरं वाटतं : पाणी कमी. जवळ वजनकाटा असेल तर प्रश्नच मिटतो. सुरुवातीपेक्षा वजन वाढलेलं असेल तर एक घोटही पाणी द्यायचं नाही.

मेंदूपर्यंत पोहोचल्याच्या खुणा वेगळ्या. असंबद्ध बोलणं, वेळ-जागा न कळणं, झोकांड्या, चिडचिड, थांबत नसलेली उलटी, मग झटका. रक्त पातळ झालं की पाणी ऑस्मोसिसने पेशींत शिरतं. बाकीच्या पेशींना फुगायला जागा असते. मेंदू कवटीत बंद आहे, त्याला नाही. या टप्प्यावर तोंडाने काही न देता थेट रुग्णालय, आणि 'किती लिटर प्यायलाय' हे सोबतच्याने आवर्जून सांगायचं. नाहीतर 'उन्हात धावला, कोसळला' एवढंच ऐकून कुणीतरी सलाइन धो धो सोडतं. साध्या ०.९ टक्के सलाइनमध्ये १५४ मिलीमोल सोडियम असतं. पण व्हॅसोप्रेसिन चढलेलं असलं तर मूत्रपिंड त्यातलं मीठ घट्ट लघवीतून टाकतं आणि पाणी ठेवून घेतं. सलाइन देऊनही आकडा खाली जातो.

उपचार ३ टक्के सलाइनचा आहे. १०० मिली शिरेतून, लक्षणं कायम असतील तर दहा-दहा मिनिटांनी आणखी दोनदा. सोडियम चार-पाचने वर आलं तरी मेंदूची सूज उतरू लागते.

नेफ्रॉन
यात एक भर. हे काही तासांत घसरलेल्या सोडियमला लागू. कित्येक दिवस हळूहळू उतरलेलं असेल तर मेंदूने जुळवून घेतलेलं असतं. तिथे घाईने वर नेलं तर मेंदूतल्या मज्जातंतूंचं आवरण खराब होतं आणि ते बऱ्याचदा भरून येत नाही. २४ तासांत ८ ते १० मिलीमोलपेक्षा जास्त चढू देत नाहीत. म्हणून घरच्या घरी मीठ चमच्याने भरवणं हा मार्ग नाही. आणि उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं तर कुणालाच, कधीच नको. त्याने सोडियम उलट्या दिशेने जीवघेणं चढतं.

काठावरचा
शर्यत संपल्यावरही पहिला तासभर लक्ष ठेवावं. पोटात साठलेलं पाणी थांबल्यावर एकदम शोषलं जातं. शेवटची रेघ हसत ओलांडलेला माणूस अर्ध्या-पाऊण तासाने बरळायला लागतो. वाटेत पाणी पाजणाऱ्यांपेक्षा पदक देणाऱ्यांना हे माहीत असायला हवं.

मूकवाचक७
ओआरएस द्यावं का मग धावताना? त्यात सोडियम जास्त असतं ना?

गणितमाकड
असतं. २००२ पासूनच्या सूत्रात लिटरला ७५ मिलीमोल सोडियम, तेवढंच ग्लुकोज, २० पोटॅशियम. एकूण तीव्रता लिटरला २४५ मिलीऑस्मोल. वरच्या ४ लिटर घामाच्या उदाहरणात ६ लिटर ओआरएस घेतलं असतं तर आकडा १३९.३ वर राहिला असता. पण दोन लिटर जादा पाणी अंगात राहिलंच असतं, हात फुगलेच असते. आणि सहा लिटर ओआरएस चवीने पिणारा माणूस अजून जन्मायचाय.

रात्रपाळी
ओआरएस जुलाबासाठी बनलंय, तिथे ते सोनं आहे. जुलाबात नुसतं पाणी पाजत राहणं हे धावण्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा घडणारं आणि तितकंच धोक्याचं, ते या धाग्यात कुणीच बोललं नाही. त्यात मीठ थेट आतड्यातून जातं. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात सपाट ६ चहाचे चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ. चमचा सपाट करायला सुरीची पाठ फिरवा. साखर चवीसाठी नाही, ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या भिंतीतून जोडीनेच आत जातात. साखर वाढवली तर आतड्यात उलट पाणी ओढलं जातं आणि जुलाब वाढतात. पाकीट असेल तर त्यावर लिहिलंय तेवढंच पाणी. लिटरचं पाकीट ग्लासात कालवणं आणि अर्धं पाकीट अंदाजाने टाकणं, या दोन्ही चुका सारख्याच वाईट.

कमी सोडियमचं मीठ यासाठी वापरू नका. त्यात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतं. मूत्रपिंडाच्या रुग्णाला ते तसंही वर्ज्य.

लांबपल्ला
मूळ प्रश्नाकडे. ठोक आकडा छापू नका, मोजायची रीत छापा. सरावाच्या दिवशी लघवी करून, कपड्यांविना वजन. तासभर शर्यतीच्याच वेगाने, तशाच हवेत धावायचं, प्यालेलं मोजून ठेवायचं. मग घाम पुसून पुन्हा वजन. ६८.४ चं ६७.७ झालं आणि अर्धा लिटर प्यालं होतं, तर घाम ०.७ अधिक ०.५, म्हणजे तासाला १.२ लिटर. मध्ये लघवी झाली असेल तर तेवढी वजा. हा आकडा पिण्याचं लक्ष्य नाही, कमाल मर्यादा आहे. प्यायचं तहानेप्रमाणे. थंड दिवशी हाच आकडा निम्मा होऊ शकतो, म्हणून दोन हवामानांत मोजा.

पायमोजे
सगळ्यांचे आभार. नवा मसुदा :

'तहान लागली की प्या, नसेल तर टेबल सोडून पुढे जा. तुमचा तासाचा घाम सरावात मोजून ठेवा (रीत मागच्या बाजूला), त्यापेक्षा जास्त कधीही पिऊ नका. शर्यतीअखेर वजन थोडं उतरलेलं असणं ठीक, वाढलेलं असणं धोक्याचं. चार-पाच तासांहून लांबच्या शर्यतीत सोबत खारट खाणं ठेवा. कॅप्सूल घेतल्याने जास्त पाणी पिण्याची मुभा मिळत नाही. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर मिठाबद्दल आधी डॉक्टरांना विचारा. बोटं फुगली, मळमळलं, डोकं जड झालं तर पिणं थांबवून मदत घ्या.'

काठावरचा
आता एकच चूक. 'मदत घ्या' नको. बरळणारा माणूस स्वतः मदत मागत नाही, 'मी ठीक आहे' म्हणतो. 'शेजारचा धावक असंबद्ध बोलत असेल तर त्याला पाणी न देता स्वयंसेवकाला बोलवा' असं वेगळं वाक्य घाला.

तिखटमीठ
आणि मागच्या बाजूला 'कपड्यांविना वजन घरी करावे' असंही स्पष्ट लिहा. नवोदित आहेत.